लेकरू टाच टेकवत नाही

"मॅडम, लेकरू टाचच टेकवत नाही ओ. चवड्यावरच पळतंय. काही वंगाळ तर नसंल ना?"

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कुटुंबातली ही आई. मुलगा साडेतीन वर्षांचा. हंगामात सगळे कारखान्यावर, कोपीत, म्हणजे तिथल्या तात्पुरत्या झोपडीत. त्यामुळे अंगणवाडीतली तपासणी हुकलेली. सासूबाई म्हणत, "ह्याचा बापबी असाच चालायचा, होईल सरळ."

सासूबाईंचं अगदीच चुकीचं नव्हतं. नव्यानं चालणारी बरीच मुलं चवड्यावर चालतात आणि दोन-तीन वर्षांची होईपर्यंत बहुतेकांचं आपोआप सुटतं. काही घरांत ते पिढ्यान्‌पिढ्याही दिसतं. पण तिसरं वर्ष ओलांडल्यावर वाट बघत बसू नये, हे मी ठामपणे सांगते.

आधी नीट चालणारा मुलगा मध्येच चवड्यावर येऊ लागला, पोटऱ्या फुगीर दिसल्या, मांडीवर हात टेकत उठू लागला, तर थांबायचंच नाही. तो ड्युशेनसारखा स्नायूंचा आजार असू शकतो. एकाच पायाची टाच उचललेली असेल किंवा पाय कडक लागत असतील, तर मेंदूशी संबंधित कारण शोधावं लागतं. बोलणं मागे असेल, हाकेला ओ देत नसेल, तर स्वमग्नतेची तपासणी हवी.

या मुलात यातलं काही नव्हतं. बडबड तर अखंड. बिस्कीट खात उभा होता तेव्हा दोन्ही टाचा टेकल्या. पण उकिडवं बसायला सांगितलं तर टाचा वरच राहिल्या, आणि टेकवायला गेला तसा मागे कलंडला. टाचेमागची शीर आखडत असावी असं वाटलं. निदान मात्र डॉक्टरांचंच. जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवलं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात तिथे अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना मोफत उपचार मिळतात.

निघताना तिनं हळूच विचारलं, "पोटात होता तवा मी मोळ्या उचलल्या. त्यानं झालं का?" हा प्रश्न डॉक्टरांनाही विचारा, असं सांगून मी तो चिठ्ठीवर लिहून दिला. त्यांनी तपासून स्पष्ट सांगितलं: आजार नाही, शीर आखडलीय, आणि मोळ्यांचा याच्याशी संबंध नाही. ऐकून ती रडली.

आता रोज पोटरी ताणायचे व्यायाम चालू आहेत. त्यानं भागलं नाही तर प्लास्टर. शस्त्रक्रियेची वेळ क्वचितच येते. पुढच्या हंगामात खंड पडू नये म्हणून फिजिओथेरपिस्टनं बापालाही व्यायाम शिकवलाय. कोपीतल्या सतरंजीवरही तो करता येतो.