मुलगी साडेतीन वर्षांची : दीरांच्या आरपीपेक्षा नवऱ्याच्या तिरळेपणाकडे आधी बघा

तुम्ही लिहिलंय की दीरांना आरपी, म्हणजे रेटिनायटिस पिग्मेंटोसा आहे आणि त्यामुळे लेकीच्या काळजीने अख्खं घर धास्तावलंय. नवऱ्याला लहानपणी तिरळेपणा होता, त्या डोळ्याने चष्मा लावूनही नीट दिसत नाही, हे मात्र तुम्ही जाता जाता कंसात टाकलंय. मी मुलांच्या डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर काढायचं काम करते. तुमच्या लेकीच्या बाबतीत ती कंसातली गोष्ट जास्त तातडीची आहे.

आधी आरपीचं बघू. यात डोळ्याचा पडदा हळूहळू निकामी होतो. सहसा आधी रात्रीचं दिसणं कमी होतं, मग बाजूचं. ऐंशीहून जास्त जनुकांपैकी कुठल्याही एकातल्या दोषामुळे तो होऊ शकतो, म्हणून प्रत्येक घराचं गणित वेगळं. सासू-सासऱ्यांची नजर चांगली आहे म्हणताय, म्हणजे दोन शक्यता जास्त. दोष आईवडील दोघांकडून यावा लागतो असा प्रकार असेल, तर तुमचा नवरा वाहक असू शकतो, म्हणजे स्वतःला आजार नाही पण दोष पुढे देऊ शकतो. पण मुलीला आजार व्हायला तुमच्याकडूनही त्याच जनुकातला दोष यायला हवा. तुमचं लग्न नात्यात झालं नसेल तर ही शक्यता फारच कमी. (आते-मामे भावंडांचं लग्न असेल तर मात्र डॉक्टरांना ते आधी सांगा, संकोच नको.) दुसरा प्रकार एक्स गुणसूत्रावरचा. त्यात पुरुषाला दोष आला की आजार होतोच आणि तो तरुणपणीच कळतो. तुमच्या नवऱ्याला तो नाही, म्हणजे त्यांच्याकडून लेकीला येणार नाही. हा दोष बाईकडून तिच्या मुलग्याला जाऊ शकतो, म्हणून त्या प्रकारात विचारपूस करायची ती नणंदेच्या मुलग्यांची. ही गोष्ट घरात कुणाच्याच लक्षात येत नाही, सगळे भावाच्या लेकरांकडे बघत बसतात.

आता तिरळेपणा. तो आणि मोठा प्लसचा नंबर, दोन्ही घराण्यात उतरतात. धोका असा की एका डोळ्याचं चित्र धूसर किंवा वाकडं आलं की मेंदू ते बाजूला टाकतो आणि तो डोळा आळशी होतो. डोळा बाहेरून अगदी सरळ दिसत असला तरी हे होऊ शकतं. मूल तक्रार करत नाही, कारण दुसऱ्या डोळ्यावर त्याचं सगळं भागतं. ती कार्टून बघत असताना मागून अलगद एक डोळा तळहाताने झाका, मग दुसरा. चांगला डोळा झाकला की मूल हात ढकलतं, मान वळवतं, चिडतं. आळशी डोळा झाकला तर ढिम्म बसून राहतं. दोन्ही बाजूंनी सारखंच वागली तरी तपासणी टाळू नका, घरच्या युक्तीला मर्यादा आहेत.

सासूबाई म्हणतात अक्षरं आली की बघू. अक्षरांची गरजच नाही. आमच्याकडे तक्त्यावर सफरचंद, घर, गोल, चौकोन असतात. मुलीच्या मांडीवर तसंच कार्ड ठेवतो आणि ती बोट लावून जोडी सांगते. नंबर तर न बोलताच निघतो: डोळ्याची बाहुली औषधाने मोठी करून डोळ्यात उजेडाची तिरीप फिरवायची आणि समोर भिंगं बदलत जायची. त्याआधी बहुतेक औषध घालायला देतील. ॲट्रोपिनचं मलम दिलं तर ते साधारण तीन दिवस घरी घालावं लागतं आणि पुढे आठ-दहा दिवस जवळचं धूसर दिसतं, ऊन सोसत नाही. ताप आला किंवा चेहरा लालबुंद झाला तर मलम थांबवून डॉक्टरांना फोन करा. औषध न घालता, फक्त मशीनवर काढलेला नंबर या वयात धरू नका.

आळशीपणा निघालाच तर चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी. मध्यम दोषात रोज दोन तासही पुरतात. सात वर्षांच्या आत सुरू केलं तर गुण चांगला येतो, म्हणून 'तिरळी मुलं नशीबवान असतात' वगैरे ऐकत बसू नका. गाजराने नंबर जात नाही आणि आरपीही थांबत नाही. जीवनसत्त्व अ कमी पडून होणारा रातांधळेपणा वेगळा.

फोटोत फ्लॅशने एका बाहुलीत पांढरी चमक दिसली, तर मात्र त्याच आठवड्यात दाखवा. मोतीबिंदूपासून पडद्याच्या गाठीपर्यंत काहीही असू शकतं.

खर्चाचं म्हणाल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात (2013 पासून) अंगणवाडीत वर्षातून दोनदा मोफत तपासणी होते. पथक आलं की दाखवा, पण तुमच्या घरचा इतिहास बघता त्यावर थांबू नका. बालनेत्रतज्ज्ञांची वेळ घ्या. जाताना नवऱ्याला सोबत न्या, त्यांचा नंबरही तिथे बघतील. दीरांचे रिपोर्ट मागवून घ्या. जनुक तपासणीचा विषय निघाला तर पहिलं रक्त दीरांचं द्यायचं, लेकीचं नाही. त्यांच्यातला दोष सापडल्याशिवाय तिच्यात नेमकं काय शोधायचं तेच कळत नाही.