राजाबाई टॉवरचे ग्रंथालय पाहता येते का?

प्रश्न : दिवाळीच्या सुटीत नातीला घेऊन मुंबईला जाणार आहे. राजाबाई टॉवरच्या इमारतीतील मुंबई विद्यापीठाचे ग्रंथालय तिला दाखवायचे आहे. बाहेरच्यांना आत सोडतात का? टॉवरवर चढता येते का? आणि या राजाबाई कोणत्या संस्थानच्या राणी होत्या?
– निवृत्त शिक्षिका, विश्रामबाग, सांगली

उत्तर : राजाबाई राणी नव्हत्या, कापूस आणि शेअर बाजारातील बडे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांच्या त्या मातोश्री. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि त्या तेजीत, १८६४ मध्ये, प्रेमचंदांनी ग्रंथालयासाठी २ लाख आणि आईच्या नावाच्या मनोऱ्यासाठी आणखी २ लाख रुपये देऊ केले. पुढच्याच वर्षी बाजार कोसळून दात्याचेच दिवाळे निघाले. इमारत मात्र १८७८ मध्ये पुरी झाली. तिचे वास्तुविशारद सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट मुंबईला कधी आलेच नाहीत आणि त्याच वर्षी, काम संपण्याआधी, वारले. दृष्टी अधू झालेल्या राजाबाईंना सूर्यास्तापूर्वी जेवण्याचे जैन व्रत पाळता यावे म्हणून घड्याळाचे टोले योजले, ही कथा नातीला जरूर सांगावी, पण आख्यायिका म्हणूनच.

सुमारे २८० फूट उंचीच्या टॉवरवर चढण्यास सर्वसामान्यांना मनाई आहे. तो ओव्हल मैदानातून डोळे भरून पाहावा. ग्रंथालय हे मुळात वाचकांचे असल्याने फाटकावर ऐनवेळी विनवणी करण्यापेक्षा भेटीचा दिवस, हेतू आणि दोघींची नावे कळवून ग्रंथपालांची आगाऊ परवानगी मागावी आणि ओळखपत्रे जवळ ठेवावीत. ऐन दिवाळीत मात्र ग्रंथालयालाही सुटी असते, तेव्हा कामकाजाचा दिवसच निवडावा. टॉवरची बाजू पश्चिमेची असल्याने तिकडच्या रंगीत काचा दुपार कलल्यावर उजळतात; ती वेळ मिळाल्यास सोडू नये.

येथील संग्रहात संस्कृत, अरबी, फारसी हस्तलिखिते आहेत. परंतु ती सहज चाळायला मिळतील, अशी अपेक्षा ठेवू नये. २०१९ च्या महापुरात भिजून गेलेली पुस्तके आपण सांगलीकरांनी पाहिलेली असल्याने ही काटेकोर निगराणी आपल्याला जाचक वाटणार नाही. एखादा विशिष्ट ग्रंथच पाहायचा असेल, तर त्याचे नाव आणि कारण परवानगीच्या पत्रातच लिहावे.

महालक्ष्मी एक्स्प्रेसने सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरल्यास हुतात्मा चौकमार्गे विद्यापीठाच्या फोर्ट संकुलापर्यंत पायी जाता येते.