इंग्लंडमधली जुनी चर्च लोकांच्या रोजच्या वापरासाठी कशी बदलतात, आणि डिझाइनची सुरुवात कुठून करतात?

तुम्ही आर्किटेक्चरच्या थीसिससाठी विचारलंय, आणि सोबत हेही की बाकं काढून कॅफे वगैरे घातला की चर्चचं चर्चपण जातं का. मी इथे इंग्लंडमध्ये जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करतो आणि त्यात चर्चच जास्त असतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी परिस्थिती समजून घ्या. एकट्या चर्च ऑफ इंग्लंडकडे साधारण 16,000 चर्च आहेत आणि त्यातली 12,000 हून जास्त लिस्टेड, म्हणजे कायद्याने जपलेली. छोट्या गावात रविवारी मूठभर माणसं येतात पण छप्पर सांभाळायचं ते शेकडो माणसांचं, आणि त्याच गावातलं दुकान, पोस्ट, कधी कधी पबसुद्धा बंद झालेला असतो. म्हणजे सगळ्यांना एकत्र बसता येईल असं मोठं छप्पर गावात एकच उरतं. लंडनमध्येही हेच दिसतं, वेस्ट हॅम्पस्टेडच्या सेंट जेम्स चर्चमध्ये 2014 मध्ये पोस्ट ऑफिस, कॅफे आणि लहान मुलांची खेळायची जागा सुरू झाली आणि उपासनाही चालू राहिली.

आता सुरुवात. ड्रॉइंगपासून करू नका. इथे परवानगीची पद्धतच अशी आहे की आधी लिहावं लागतं. आतल्या बदलाला कौन्सिलची लिस्टेड बिल्डिंगवाली परवानगी लागत नाही, चर्चचं स्वतःचं कोर्ट आहे, त्याचा न्यायाधीश म्हणजे चॅन्सलर, तो जी परवानगी देतो तिला फॅकल्टी म्हणतात. त्यासाठी दोन कागद द्यायचे, एकात इमारतीत मोलाचं काय आहे ते, आणि दुसऱ्यात लोकांची गरज काय आहे ते. 2012 च्या डफील्ड चर्चच्या निकालापासून चॅन्सलर साधारण असा विचार करतो की या बदलाने इमारतीच्या महत्त्वाला धक्का बसतो का, बसत असेल तर किती, आणि त्यातून लोकांचं होणारं भलं तेवढं मोठं आहे का. म्हणजे गरजेचा कागद कच्चा असेल तर तुमचं सुंदर डिझाइन तिथेच अडकतं.

आणि तो कागद खरंच सगळं ठरवतो. "हॉल पाहिजे" ही गरज नव्हे. मंगळवारी सकाळी आया लहान मुलं घेऊन येणार, बाबागाड्या कुठे लावणार, त्याच दुपारी अंत्यविधी असेल तर खेळणी किती वेळात आणि कुठे जाणार, किल्ली कोणाकडे, संध्याकाळी गाण्याची प्रॅक्टिस असेल तेव्हा हीटिंग कोण चालू करणार. आठवड्याचं असं वेळापत्रक मांडलं की कळतं की मोठी जागा आधीपासूनच आहे, नाही ते टॉयलेट, छोटं किचन, सामानाची खोली आणि ऊब. माझं ठाम मत सांगतो, मधला लांब भाग, ज्याला नेव्ह म्हणतात, तो मोकळाच ठेवा आणि सगळ्या सोयी कडेला ढकला, टॉवरच्या तळाशी टॉयलेट, पश्चिमेच्या भिंतीला दारं लावलेलं कपाटासारखं किचन. सामानाची खोली मात्र तुम्हाला वाटते त्याच्या दुप्पट ठेवा, ती कमी पडली की वर्षभरात सगळं चर्च गोदाम होतं.

टॉयलेट ऐकायला सोपं वाटतं पण आवारात शेकडो वर्षांची दफनं असतात, पाइपसाठी फूटभर खणलं तरी हाडं लागतात, मग पुरातत्त्ववाला उभा राहतो आणि खर्च वाढतो. म्हणून खेड्यात जिथे वापर कमी आणि ड्रेनेज लांब, तिथे ट्रेंच आर्च नावाची उथळ, तळ नसलेली, वरून झाकलेली नाली करतात, मैला तिथेच गांडुळं आणि जिवाणू कुजवतात. रोज गर्दी असेल तर मात्र ती चालत नाही.

ऊब हा सगळ्यात मोठा प्रश्न. एवढ्या उंच जागेत गरम हवा सरळ छपराला जाऊन बसते आणि खाली माणसं कोट घालून कुडकुडतात. त्यामुळे हवा तापवण्यापेक्षा माणसं जिथे बसतात तिथे ऊब द्यायची, नाहीतर फरशीखालून. बाथ शहरातल्या बाथ ॲबी या मोठ्या जुन्या चर्चचं काम बघाच, 2018 ते 2021 मध्ये झालं, सुमारे 1 कोटी 93 लाख पौंडांचा प्रकल्प. खाली हजारो दफनं, माती खचून फरशीखाली पोकळ्या झालेल्या, फरशी बसत चाललेली. ती उचलून खालचा भाग पक्का केला, थडग्यांचे कोरलेले दगड दुरुस्त करून परत बसवले, आणि शहरातले गरम पाण्याचे झरे रोमन काळच्या नाल्यातून नदीला वाहत जातात त्यातली उष्णता काढून फरशीखाली फिरवली. फरशी दुरुस्त करायचीच होती, तिच्यातच हीटिंग घातलं, मला ही विचार करायची पद्धत फार आवडते.

तिथली व्हिक्टोरियन, म्हणजे एकोणिसाव्या शतकातली, बाकं काढण्यावरून मोठा वाद झाला, त्या काळच्या इमारती जपणाऱ्या व्हिक्टोरियन सोसायटीचा विरोध होता. बाकांबद्दल माझं म्हणणं असं की सरसकट काहीच ठरवू नका. मध्ययुगात बरीचशी नेव्ह उघडीच असायची, भरगच्च बाकं बहुतेक ठिकाणी नंतरची, पण एखाद्या चर्चमध्ये गावातल्याच सुताराने कोरलेली जुनी बाकं असतील तर ती हलवायची नाहीत, बास. खुर्च्या घेताना एकावर एक किती रचता येतात ते आधी बघा. डेव्हिड रोलंडची 1964 ची 40/4 खुर्ची त्यासाठीच प्रसिद्ध आहे, चाळीस खुर्च्या चार फूट उंचीत मावतात. आणि कार्पेट टाकू नका हो, गाण्याचा आवाज मरतो.

चर्चपण जातं का, तर नीट केलं तर नाही. हेरफर्डच्या ऑल सेंट्समध्ये 1997 पासून पश्चिमेच्या बाजूला कॅफे आहे, पलीकडे प्रार्थना चालते, कपबशांचा आवाज येतो आणि लोक तिथेच मेणबत्तीही लावतात. लंडनच्या बो भागातलं सेंट पॉल्स, 1878 चं, धोकादायक झालं म्हणून बंद पडलं होतं, 2004 मध्ये मॅथ्यू लॉइड आर्किटेक्ट्सनी आत पायांवर उभी लाकडाने मढवलेली मोठी पेटीच बसवली, वरच्या मजल्यांवर इतर उपक्रम, छपराखाली जिम, आणि जमिनीवर चर्च. मी वर नेव्ह मोकळी ठेवा म्हटलं त्याच्या हे उलट आहे, पण तिथे उपासनेची जागा खाली शाबूत राहिली आणि इमारत वाचली, म्हणून मला पटतं.

एक तांत्रिक गोष्ट राहिली. किचन आणि गर्दी आली की आत वाफ वाढते, आणि जुन्या दगडी भिंतींना चुन्याच्या सांध्यांतून ओल बाहेर टाकायची असते. तिथे सिमेंट भरलं की ओल आत अडकते आणि दगड फुटायला लागतो. उलट चूकही होते, गोव्याच्या बॉम जीझस चर्चचा बाहेरचा चुन्याचा गिलावा 1950 च्या दशकात काढून टाकला आणि तेव्हापासून उघडा जांभा दगड पावसाने झिजतोय. थीसिससाठी वसई किंवा गोव्यातली साइट घेणार असाल तर प्लॅनआधी भिंतीचा सेक्शन, म्हणजे उभा छेद, काढा आणि पावसाळ्यात एकदा जाऊन ओल कुठपर्यंत चढते ते त्यावर मार्क करा, किचन आणि टॉयलेट कुठल्या भिंतीला लावायचे नाहीत हे त्यावरून लगेच कळेल.