लातूरला अंगणातली बुटकी मोरपंखी आतून तपकिरी पडतेय, पाणी वाढवू का?

नाही, पाणी वाढवू नका; आपली काळी माती पाणी धरून ठेवते आणि मोरपंखीची मुळं साचलेल्या ओलीत कुजतात. बोटभर खोल माती कोरडी लागली तरच पाणी द्या. आतली जुनी पानं उजेड न मिळाल्यानं वाळतातच, ती हातानं झाडून काढा. कात्री मात्र हिरव्या शेंड्यांपुरतीच चालवा, कारण पानं नसलेल्या जुन्या लाकडाला सहसा पुन्हा फुटवा येत नाही, आणि झाडात पडलेलं भोक कायमचं राहतं. बाहेरचे शेंडेही करपत असतील तर गोष्ट वेगळी: फांदी पांढऱ्या कागदावर झटका. बारीक ठिपके चालताना दिसले तर तो लाल कोळी, पानांचा रस शोषणारी बारीक कीड, उन्हाळ्यात हमखास येणारी. सकाळी पाण्याचा जोरदार फवारा मारून झाड आतून धुवा.