पठारावर ऊन भाजतं, मग थंडी कुठून येते?

तुमचे दोन प्रश्न आहेत. उंचावर सूर्य जवळ असूनही तिबेटसारख्या पठारावर इतकी थंडी का, हा पहिला. दर किलोमीटरला साडेसहा अंश वजा करत गेलं की पठाराचं तापमान निघेल का, हा दुसरा.

पहिला चटकन उरकतो. सूर्य पंधरा कोटी किलोमीटरवर आहे, चार-पाच किलोमीटर वर चढून त्यात काय फरक पडणार? ऊन भाजतं हे मात्र खरं. 5,500 मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा उरतो. बाष्प तर त्याहूनही कमी. त्यामुळे ऊन फारसं गाळलं न जाता थेट अंगावर येतं, आणि तीच विरळ, कोरडी हवा रात्री जमिनीची ऊब अडवत नाही. पांघरूणच पातळ म्हणा ना.

लडाख-तिबेटमधल्या चांगथांगच्या पठारावर एका दगडाशी हे मला हाताला कळलं. दक्षिणेची बाजू इतकी तापलेली की तळवा टेकवत नव्हता, आणि उत्तरेच्या सावलीत पहाटेचं दहिवर अकरा वाजलेत तरी तसंच पांढरं. मधे अंतर हातभर. तेवढ्यात एक ढग आडवा आला आणि काढून ठेवलेली जाकिटं सगळ्यांनी मुकाट्यानं परत चढवली.

दुसऱ्या प्रश्नात खरी गंमत आहे. साडेसहा अंश ही मोकळ्या हवेतून वर जातानाची सरासरी. एकटं शिखर अशा हवेत नुसतं घुसलेलं असतं, वारा त्याची ऊब टिकू देत नाही. पठाराचं तसं नाही. तिबेटचं पठार सरासरी साडेचार हजार मीटर उंच आणि सुमारे 25 लाख चौरस किलोमीटर पसरलेलं. म्हणजे चूलच उचलून माळ्यावर ठेवली! उन्हाळ्यात ही जमीन तापते, वरची हवा तापवते, आणि तितक्याच उंचीवरच्या आजूबाजूच्या मोकळ्या हवेपेक्षा पठारावर जास्त ऊब असते. म्हणून तर आग्नेय तिबेटात जुनिपरची झाडं 4,900 मीटरपर्यंत तग धरतात. तुमची वजाबाकी तिथं उन्हाळ्यात खोटी पडते. हिवाळ्यात ती उलट्या बाजूनं चुकते, कारण जड गार हवा खोलगट भागांत साचून राहते आणि पहाटे पारा हिशोबापेक्षा खाली जातो.

वार्षिक सरासरीवरही विसंबू नका. दक्षिण अमेरिकेतलं आल्टिप्लानो उष्ण कटिबंधात येतं. तिथं उन्हाळा-हिवाळ्यापेक्षा दुपार आणि पहाट यांतली तफावत मोठी. अपवाद 3,812 मीटरवरच्या टिटिकाका सरोवराच्या काठाचा: पाणी दिवसाची ऊब रात्री सोडतं, म्हणून काठावर शेती बरी होते.

पावसाचं म्हणाल तर लेहमध्ये वर्षाकाठी साधारण 10 सेंटीमीटर. ढग हिमालयाच्या अलीकडेच रिकामे होतात.

तेव्हा जायच्या महिन्यातलं किमान आणि कमाल तापमान वेगवेगळं बघा, आणि दुपारनंतर सुटणारा वारा त्यात स्वतःच धरा.