ब्लू हार्ट्स हा जपानी पंक रॉक बँड ऐकायला कुठून सुरुवात करू?

थेट ‘लिंडा लिंडा’ लाव. 1987 चं गाणं. सुरुवातीला हिरोतो कोमोतो अगदी संथपणे गातो, गटारातल्या उंदरासारखं सुंदर व्हायचंय म्हणतो. आवाज कमी आहे म्हणून वाढवू नकोस, कारण क्षणात ड्रम्स कोसळतात आणि हेडफोन लावला असशील तर कानठळ्या बसतील! जपानी येत नाही याची काळजी सोड, कोरसमध्ये बहुतेक ‘लिंडा’च आहे.

मग ‘ट्रेन-ट्रेन’ आणि ‘हितो नी यासाशिकु’. दुसऱ्यात ‘गाम्बारे’ अशी आरोळी येते, म्हणजे आपलं ‘हिंमत धर’. असलं गाणं कुणीही गुळगुळीत करून ठेवलं असतं. इथे तो घसा फोडून गातो, म्हणून पटतं. ‘जोनेत्सु नो बारा’ सर्वांत लोकप्रियांपैकी, पण माझ्या मते नंतर ऐकलं तरी चालेल.

‘आओझोरा’ मात्र चुकवू नकोस. गिटारवादक माशिमाचं हे गाणं संथ आहे, माणसाला जन्मावरून, कातडीवरून तोलणाऱ्यांवर चिडलेलं. पंक म्हणजे नुसता गोंगाट म्हणणाऱ्या मित्राला हेच ऐकव.

बँड 1995 मध्येच फुटला. चटक लागलीच तर कोमोतो आणि माशिमा या दोघांचे पुढचे बँड, हाय-लोज आणि क्रो-मॅग्नन्स, आहेतच.