बॉनेटखालचे प्रश्न: जुन्या मियाटाला कोणतं कूलंट?

प्रश्न : ताई, नमस्कार. गेल्या उन्हाळ्यात मी 1995 ची माझदा मियाटा घेतली. 1.8 लिटर, दोन सीट, टप उघडणारी. बायको म्हणते, पोरपण सुटत नाही तुमचं. आधीच्या मालकाकडे सर्व्हिसचा एकही कागद नव्हता. ओव्हरफ्लोच्या बाटलीत फिकट हिरवं पाणी आहे आणि तळाशी गढूळ साका. कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव, आणायला गेलो तर फळीवर हिरवा, नारंगी, गुलाबी, निळा, जांभळा, शिवाय ‘सर्व गाड्यांना चालेल’ असा पिवळा कॅन. एक मित्र म्हणतो, नारंगी घाल, पाच वर्षं बघायला नको. दुसरा रेसिंगवाला आहे. तो म्हणतो, नुसतं डिस्टिल्ड वॉटर आणि अ‍ॅडिटिव्हची एक बाटली, ग्लायकॉल नकोच. पुण्याहून बाबा फोनवर म्हणतात, आम्ही अँबॅसिडरला जन्मभर नळाचं पाणी घातलं, काय झालं? कुणाचं ऐकू?
— एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : बाबांपासून सुरुवात करते, कारण ते खोटं सांगत नाहीत, फक्त दुसऱ्या गाडीचं सांगताहेत. अँबॅसिडरच्या इंजिनाचं धड, म्हणजे ब्लॉक, बिडाचा, त्यावरचं झाकण, म्हणजे हेड, तेही बिडाचं, रेडिएटर तांब्या-पितळेचा. नळाच्या पाण्यानं आत गंज चढायचाच, पण बीड जाड असतं, पुष्कळ सोसतं. रेडिएटर तुंबला की गल्लीतला रेडिएटरवाला टाकी उघडून नळ्यांत सळई फिरवायचा आणि परत झाळून द्यायचा. माझी नोकरी चिंचवडला रेडिएटरच्या कारखान्यात झाली. दुरुस्तीला आलेले असले रेडिएटर कापले की आत काय निघायचं ते बाबांना बघवलं नसतं. खंडाळ्याच्या घाटात बॉनेट उघडून उभ्या राहणाऱ्या गाड्यांची रांग मात्र त्यांना नक्की आठवत असेल. तिच्यात नळाच्या पाण्याचाही वाटा होता, हे त्यांना प्रेमानं सांगा.

तुमच्या मियाटाचा ब्लॉक बिडाचा, पण हेड अ‍ॅल्युमिनियमचं. रेडिएटरची जाळी अ‍ॅल्युमिनियमची आणि टाक्या प्लॅस्टिकच्या. वेगवेगळे धातू एकाच पाण्यात असले आणि पाण्यात गंजरोधक नसला की अ‍ॅल्युमिनियम आधी मरतं. त्यात तुम्ही एडिसनला. पाणी गोठताना साधारण नऊ टक्के फुगतं आणि तेवढं ब्लॉक फोडायला पुरतं. म्हणजे नळाचं पाणी बाद.

आता रंग. रंग म्हणजे निव्वळ डाय. तो कुठल्याही मानकानं ठरवलेला नाही. होंडाचं निळं असतं, टोयोटाचं आधी लाल होतं, मग गुलाबी आलं, फोक्सवॅगनचं जी-11 निळसर हिरवं आणि जी-12 लाल-गुलाबी. माझदाचं स्वतःचं पुढच्या काळातलं एफएल-22 हिरवं आहे, आणि अमेरिकेतलं जुन्या पद्धतीचं स्वस्त कूलंटही हिरवंच. एकाच रंगाच्या या दोन द्रवांत आत वेगळीच औषधं आहेत. त्यामुळे तुमच्या बाटलीतल्या फिकट हिरव्यावरून आत काय आहे ते मला सांगता येणार नाही, आणि दुकानातल्या पोरालाही नाही.

कॅनमध्ये बहुतांश एथिलीन ग्लायकॉल, म्हणजे पाणी गोठू न देणारं द्रव, असतं, ते सगळ्यांत जवळपास सारखंच. फरक पडतो उरलेल्या थोड्याशा गंजरोधकात. जुन्या हिरव्यात सिलिकेट, बऱ्याचदा फॉस्फेट आणि बोरेटही. सिलिकेट भिंतीला चुना मारावा तसं आतल्या सगळ्या धातूवर थर देतं, चटकन देतं, पण संपतंही चटकन. म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलायचं. नारंगी म्हणजे सेंद्रिय आम्लांवर चालणारं, ओएटी. जनरल मोटर्सनं 1990 च्या दशकाच्या मध्यात ते अमेरिकेत आणलं. ते जिथे गंज धरू लागतो तिथेच जाऊन काम करतं, म्हणून पाच वर्षं टिकतं. पण सुरुवात सावकाश करतं, आणि पातळी कमी होऊन आत हवा शिरली तर चिखल करतं. काही नारंगी कूलंटमधलं 2-इथाइल हेक्झानोइक आम्ल सिलिकोनच्या गॅस्केटला आणि काही प्लॅस्टिकला मऊही करू शकतं. तुमच्या मित्राची पाच वर्षं स्वच्छ, नव्या इंजिनाची आहेत. तुमच्या आत साका असताना ते वर ओतलं तर पाच वर्षं विसरा, जुन्याच्या बरोबरीनं तेही म्हातारं होईल.

तिसरा प्रकार जपान्यांचा: सेंद्रिय आम्ल अधिक फॉस्फेट, सिलिकेट अजिबात नाही. फॉस्फेट अ‍ॅल्युमिनियमला लगेच धरतं, आम्लं मागाहून पुढची वर्षं सांभाळतात. सिलिकेटचे कण पंपाच्या सीलला घासतात, म्हणून जपानी कंपन्यांनी ते टाळलं. युरोपीय कंपन्यांनी नेमकं उलट केलं. त्यांच्याकडचं पाणी जड, त्यात फॉस्फेट पडलं की कॅल्शियमची खर बसते, म्हणून त्यांनी फॉस्फेट काढून सिलिकेट ठेवलं. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. ‘जर्मन म्हणजे भारी’ असं म्हणून जपानी गाडीत जर्मन कूलंट ओतणारे पुण्यातही भेटतात. त्यांच्याशी वाद घालणं मी सोडून दिलंय.

तुम्ही हे जपानी प्रकारचंच घ्या: ‘एशियन’ गाड्यांसाठी असं लिहिलेलं, सिलिकेट नाही आणि बोरेट नाही असं छापलेलं, फॉस्फेटवालं. माझदाच्या नंतरच्या काळातल्या मॅन्युअलमध्येही अल्कोहोल, मिथेनॉल, बोरेट, सिलिकेट असलेलं कूलंट वापरू नका असंच आहे. कॅनच्या पाठीवर एएसटीएम डी 3306 (अमेरिकी मानक) किंवा जेआयएस के 2234 (जपानी मानक) यांपैकी एक तरी दिसायला हवं. पुढची बाजू बघूच नका, तिथे नुसतं जाहिरातीचं चित्र असतं. 1995 साली तुमच्या गाडीत साधं हिरवंच होतं आणि दर दोन वर्षांनी बदललं तर ते आजही चालेल, पण दर दोन वर्षांनी बदलणारी माणसं मी फारशी पाहिली नाहीत. ‘सर्व गाड्यांना’वाला पिवळा कॅन वाटेत पातळी उतरली तर वर टाकायला ठीक. त्यावर लिहिलेल्या ‘मिसळतं’ याचा अर्थ एवढाच की त्याची जेली होत नाही.

रेसिंगवाल्या मित्राचं म्हणणं ट्रॅकवर खरं आहे. पाणी ग्लायकॉलपेक्षा जास्त उष्णता वाहून नेतं, आणि ग्लायकॉल सांडला तर ट्रॅक निसरडा होतो, म्हणून बऱ्याच ट्रॅकवर त्याला बंदी असते. तुमची गाडी मात्र जानेवारीत घराबाहेर उभी राहणार. पाणी-ग्लायकॉलचं 50-50 मिश्रण उणे 37 सेल्सिअसपर्यंत गोठत नाही आणि साध्या दाबाला 107-108 अंशांच्या आसपास उकळतं. रेडिएटरच्या झाकणानं दाब धरला तर त्याहूनही बरंच वर. आणि दुसऱ्या टोकाला जाऊन निव्वळ ग्लायकॉलही घालू नका. पाणी न घातलेला ग्लायकॉल उणे 13 लाच गोठतो, आणि उष्णताही कमी वाहतो. ‘घट्ट म्हणजे चांगलं’ हा समज आमटीपुरता ठेवा.

आता खरं काम, कारण तुमच्या गाडीत कूलंटच्या निवडीपेक्षा सफाईनं जास्त फरक पडणार आहे. बॉनेट उघडून रेडिएटरची वरची प्लॅस्टिकची टाकी बघा. काळी असेल तर बरं. तपकिरी किंवा मळकट हिरवट झाली असेल तर ते प्लॅस्टिक शिजलंय. त्या पिढीच्या मियाटाचं हे प्रसिद्ध लक्षण आहे. पुढची पायरी म्हणजे तडा, आणि तो घरापासून लांबच जातो. तसं असेल तर आधी रेडिएटर बदला, मग कूलंट. सोबत झाकण, थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की पाण्याची वाट उघडणारी झडप) आणि सगळे रबरी पाइप, हीटरचे दोन धरून. टायमिंग बेल्ट 60,000 मैलांवर बदलायचा असतो. पाण्याचा पंप फिरतो बाहेरच्या वेगळ्या बेल्टवर, पण तो काढायला टायमिंग बेल्ट उतरवावा लागतो. कागद नाहीत म्हणजे बेल्ट बदललेला नाही असंच धरून चाला आणि दोन्ही एकदम करून घ्या. नवं कूलंट भरून महिन्यानं पंपासाठी परत काढायचं, यासारखा वैताग नाही.

सिस्टिममध्ये एकूण सहा लिटर मावतं. इंजिन गार असताना रेडिएटरच्या खालच्या नळातून सोडलंत तर साधारण निम्मंच येईल, बाकीचं ब्लॉकमध्ये आणि हीटरमध्ये राहतं. म्हणून डिस्टिल्ड वॉटर भरा, हीटर पूर्ण गरमवर ठेवून थर्मोस्टॅट उघडेपर्यंत इंजिन चालवा, गार होऊ द्या, सोडा. असं तीनदा केलंत की जुन्याचा आठवा हिस्सा राहील. पाणी तरीही गढूळ आलं तर चौथ्यांदा करा. डिस्टिल्डचे कॅन किराणा दुकानात मिळतात. नळाचं पाणी इथेही नको.

यानंतर फार जण फसतात ते इथे. शेवटचं पाणी सोडलं तरी आत तीन लिटर निव्वळ पाणी आहे. त्यावर तयार 50-50 चा कॅन ओतलात तर गाडीत ग्लायकॉल पंचवीस टक्के होईल, आणि ते उणे 12 लाच गोठायला लागेल. एडिसनच्या हिवाळ्यात ते धोक्याचं आहे. म्हणून तीन लिटर निव्वळ कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी न मिसळलेलं कूलंट, घाला, आतल्या पाण्याशी मिसळून ते आपोआप 50-50 होईल. जपानी प्रकार बहुतेक दुकानांत तयार मिश्रणातच असतो, कॉन्सन्ट्रेट मागवून घ्यावं लागेल. मागवा, घाई नाही. भरून झाल्यावर दहा-पंधरा डॉलरच्या रिफ्रॅक्टोमीटरनं एक थेंब तपासा. उणे 35 च्या आसपास दाखवलं की झालं.

भरताना गाडीचं नाक थोडं वर घ्या, रेडिएटरचं झाकण काढा, हीटर गरमवर, इंजिन आयडलवर. बुडबुडे येत राहतील, वरचा पाइप हातानं दाबत राहा, पातळी उतरली की भरा. पंखा एकदा चालू होऊन बंद झाला आणि हीटरमधून छान गरम हवा आली की झाकण लावा. गरम इंजिनाचं झाकण मात्र उघडू नका, कितीही उत्सुकता असली तरी.

या इंजिनात पाणी हेडच्या पुढच्या बाजूनं बाहेर पडतं, त्यामुळे मागचा चौथा सिलिंडर जास्त तापतो. टर्बो बसवणारे आणि ट्रॅकवाले म्हणून पाण्याची वाटच बदलून घेतात. तुमचा मित्र तेही सुचवेल. तुम्ही रविवारी भाजी आणायला जाणार आहात, नको ते.

प्रश्न : आमच्या गॅरेजबाहेर सांडलेलं कूलंट गल्लीतलं कुत्रं चाटताना पाहिलं. काही होतं का?
— वाचक, सावंतवाडी

उत्तर : होतं, आणि थोड्याशानंही होतं. एथिलीन ग्लायकॉल गोड लागतं, म्हणून जनावरं चाटतात. आधी ती दारू प्यायल्यासारखी झोकांड्या खातात, मग बरं वाटल्यासारखं दिसतं, आणि एक-दोन दिवसांत मूत्रपिंड बंद पडतं. मधल्या ‘बरं वाटण्यावर’ विसंबू नका. चाटल्याचं दिसताच जनावरांच्या डॉक्टरकडे न्या आणि काय चाटलं ते नावासकट सांगा. उतारा आहे, पण तो पहिल्या काही तासांत दिला तरच उपयोगाचा. मांजरांना तर आणखी कमी वेळ मिळतो. गॅरेजवाल्याला म्हणावं, ट्रे ठेव, सांडलेल्यावर लाकडाचा भुसा टाकून गोळा कर, आणि जुनं कूलंट गटारात नाही, झाकणाच्या डब्यात. लहान मुलांसाठीही हेच.

प्रश्न : 1998 ची एस्टीम. कूलंटची पातळी उतरते, पण जमिनीवर एक थेंब नाही. कूलंट खराब असेल का?
— वाचक, कोथरूड

उत्तर : कूलंट खराब असलं तर आत गंज चढतो, कूलंट नाहीसं होत नाही. ते कुठेतरी जातंय. आधी गार गाडीवर प्रेशर टेस्ट करून घ्या, झाकणासकट. डाव्या सीटपुढचा गालिचा हातानं दाबून बघा, ओलसर आणि गोडसर वासाचा लागला तर हीटरची जाळी गळतेय. पंपाखाली बारीक छिद्र असतं, तिथे वाळलेला पांढुरका डाग आहे का तेही बघा. गरम इंजिनावर गळलेलं तिथेच वाळतं, म्हणून जमीन कोरडी राहते. हे सगळं ठीक निघालं तर हेड गॅस्केटचा संशय घ्यायचा. रेडिएटरच्या तोंडाशी निळं द्रव असलेली टेस्ट लावतात. ज्वलनाचा वायू पाण्यात येत असेल तर ते पिवळं होतं. पिवळं झालं तर गाडी चालवणं थांबवा. निळंच राहिलं तर पंपाचा आणि झाकणाचा फोटो काढून मला परत लिहा.